कानपिळी आणि मोठा बाजा

ताईने लहानपणापासून माझा डावा कान इतका पिळलाय, की तो उजव्यापेक्षा लांब आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यामुळे तिच्या लग्नात मला रस होता तो फक्त कानपिळीत. होमाच्या वेळी नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. सगळा वचपा मी त्या एका कानावर काढणार होतो.

लग्न डोंबिवलीला. आम्ही नौपाड्याचे, मोबाइलवर सनई लावून भागवणारे. पण ताईच्या सासूबाईंना बँड हवा होता, तोही अंगावर चढवायच्या त्या मोठ्या पितळी बाजासकट. डोक्यावर परातीएवढं तोंड उघडणारा तो बाजा फोटोत दिसलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सकाळी टेम्पोतून बाजा आला, वाजवणारा आला नाही. टिटवाळ्याला घरीच त्याचं पोट बिघडलं होतं. बँडमास्तरांनी आमच्याकडच्या पुरुषांवर नजर फिरवली आणि ती माझ्या पोटावर थांबली.

"लाल कोट तुम्हालाच होणार," ते म्हणाले. "नुसते गाल फुगवा. फुंकू नका."

वरपक्ष आला. ट्रम्पेट किंचाळू लागले, त्यांच्याखाली ट्रॉम्बोन घसरगुंडी खेळायला लागला आणि सगळ्यांच्या तळाशी मी, गाल फुगवून गप्प. नवरदेवाचे काका गाण्यातले दर्दी. ते मुद्दाम माझ्या शेजारून चालत होते. "वरचे सूर कोणीही वाजवतं," ते म्हणाले, "गाण्याला बूड येतं ते तुमच्या या खर्जाने." मी नम्रपणे आणखी फुगलो.

मिरवणूक संपली, बँडवाले उपमा खायला पांगले, आणि बाजा निघेना. कोटाची झालर नळ्यांत अडकली होती. आई ओढत होती, बाबा ढकलत होते. मंगलाष्टकं मी पार मागे उभं राहून ऐकली. पोरं बाजाच्या तोंडात नेम धरून अक्षता टाकत होती. शेवटी गुरुजींची हाक आली, "नवरीचा भाऊ कुठाय?"

मी तसाच स्टेजवर चढलो.

"बँडवाल्याला वर कोणी घेतलं?" सासूबाई म्हणाल्या.

ताईने ओळख पटवून दिली. मी नवरदेवाकडे वाकलो, तशा सगळ्या अक्षता त्याच्या फेट्यावर ओतल्या गेल्या. हात मात्र पोचेना. मध्ये बाजा, आणि कान वीतभर लांब. मला फार वाईट वाटलं. कानाचं तर होतंच, पण ताई उद्यापासून घरी नसणार, हेही मला तेव्हाच नीट कळलं.

मुंडावळ्यांआडून ताई पुटपुटली, "फुंक ना रे."

ताईचं मी नेहमीच ऐकत आलोय. फुंकलं. रेडा हंबरावा तसा आवाज झाला, नवरदेव दचकून बाजूला उडाला आणि त्याचा कान आपणहून माझ्या हातात आला. मी मनसोक्त पिळला.

"सकाळपासून काय सुरेल वाजवत होते," काका हळहळले. "आत्ताच कसे बिघडले?"

हसून हसून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने बाजूने हात घालून माझा डावा कान धरला आणि पिळला, पण इतका हळू, की मला रडू फुटलं. तोंड बाजालाच लावलेलं होतं, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.