निवडीचं खातं

कोणी घरी आलं की भाऊ दोन्ही हातांत दोन डबे घेऊन समोर उभे राहत. एकात चहा, दुसऱ्यात कॉफी. दोन्ही हात सारखेच पुढे आणि प्रश्न एकच : "हे की ते?"

पाहुण्याने एका डब्याकडे बोट दाखवेपर्यंत ते थांबत. घाई नाही, आग्रह नाही. "काहीही चालेल" म्हणणाऱ्याची मात्र धडगत नसे. "काहीही नाही चालत, ताई. निवड आपली पाहिजे," ते म्हणत आणि डबे तसेच धरून ठेवत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साधी गोष्ट ती, पण समारंभ केल्याशिवाय करत नाहीत. मलाही पहिल्यांदा ते जरा विक्षिप्तच वाटले. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला, आमच्या खालच्या मजल्यावर ते नुकतेच राहायला आले होते. मूळ नागपूरकडचे, काम गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं, एका पुरवठादार कंपनीत. मीही त्याच व्यवसायातली, पुण्याची. त्यांनी पहिल्याच भेटीत मला ताई करून टाकलं, मीही त्यांना भाऊ म्हणू लागले.

मग त्यांचा मुलगा पाहिला आणि त्या दोन डब्यांचा उलगडा झाला.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. घरात त्याला पिल्लू म्हणत. त्याला ऑटिझम होता. शब्द त्याच्याकडे होते, पण बाहेर यायला वेळ घेत. वडील गुडघ्यांवर बसून एका हातात सफरचंद आणि दुसऱ्या हातात केळं धरत. पिल्लू डुलायचा, गुणगुणायचा, छताकडे बघायचा. आपल्याला वाटायचं, याला प्रश्न कळलाच नाही. भाऊ हलत नसत. आणि मग एक छोटासा हात सफरचंदाला लागायचा. "ॲपल."

"बघा," ते माझ्याकडे वळून म्हणत, "थांबलं की बोलतो."

हे थांबणं ते अमेरिकेत शिकले होते. पिल्लू तिथलाच. तिथल्या ज्या राज्यात ते राहत होते, तिथे सरकार अशा मुलांच्या आईवडिलांच्या नावाने एक खातं उघडून देत असे. सरकारी शाळेतली जागा सोडायची, आणि त्या जागेवर सरकारचा जो खर्च झाला असता त्यातला मोठा भाग त्या खात्यात यायचा. मग शाळा तुम्ही निवडा, शिकवणारा तुम्ही निवडा. त्या पैशातून यांनी मोजक्याच मुलांची एक शाळा निवडली होती आणि बोलायला शिकवणारी एक बाई. वर्षभरात पिल्लू इंग्रजी शब्द बोलू लागला.

"चांगलं बोलून राहिलं होतं पोरगं, ताई," ते सांगत. "मग माझी नोकरी गेली. नोकरीच्या मागे व्हिसा गेला, व्हिसाच्या मागे खातं."

"तिकडे खातं होतं" हे वाक्य आमच्या इथल्या मराठी मंडळींत सगळ्यांना पाठ झालं होतं. कोणाकडे वाढदिवस असो की गणपती, शाळेचा विषय निघाला की खातं यायचंच. एकदा कोणीतरी चिडून म्हणालं, "अहो, असे पैसे ज्याच्या त्याच्या हातात दिले तर सरकारी शाळा ओस नाही पडणार? ज्यांना कोणी विचारत नाही त्या मुलांनी मग जायचं कुठे?"

मला वाटलं, आता वाद रंगणार. पण त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला," ते म्हणाले. "वडील रेल्वेत गँगमन. आमच्या वस्तीतून पहिला इंजिनीयर झालो तो सरकारच्या शिष्यवृत्तीवर. ती शाळा बंद पडावी असं मी कसं म्हणीन? मी एवढंच म्हणतो, माझ्यामागे सरकारचा पैसा चालत आला म्हणून मी इथवर आलो. माझ्या पोरामागे कोण येणार?"

कोणीतरी त्यांना मठ्ठा वाढला.

जर्मन बोलायला अवघड जाई म्हणून शाळेच्या आम्टमध्ये, म्हणजे शिक्षण कार्यालयात, ते मला बरोबर नेत. तिथल्या बाई मृदू होत्या, थकलेल्या होत्या. कागद चाळून त्यांनी विचारलं, मुलाला नेहमीच्या शाळेत घालायचं की विशेष शाळेत? निर्णय आईवडिलांचा.

मी ते मराठीत सांगितलं. भाऊंचा विश्वास बसेना. "त्या मला विचारून राहिल्या?"

"हो."

त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, खुर्चीत ताठ झाले आणि मला मध्ये न घेता स्वतःच म्हणाले, "नॉर्माले शूले, बिटे."

बाहेर आल्यावर म्हणाले, "देश चांगला आहे, ताई. उगाच नावं ठेवत होतो."

वर्गात पिल्लूच्या शेजारी बसणारा एक सोबती लागणार होता. तो मंजूरही झाला. पण मंजूर झाला तो कागदावर. सोबती पुरवणाऱ्या संस्थेकडे माणूसच नव्हता. सोबती नाही म्हणून शाळा पिल्लूला पहिल्या तासानंतर घरी पाठवू लागली. वहिनी कोट अंगात घालूनच घरात वावरत, फोन कधी वाजेल सांगता येत नसे म्हणून.

असे काही महिने गेल्यावर एका संध्याकाळी भाऊ जिना धावत चढून आले. धाप लागलेली, हातात संत्रा बर्फीचा डबा. "ताई, इथेही खातं आहे!"

ते खरंच होतं. संस्थेच्या माणसाची वाट बघायची नसेल तर सोबत्याचा खर्च आईवडिलांच्या हातात मिळण्याची सोय इथल्या कायद्यात आहे. माणूस आपण शोधायचा, आपण ठेवायचा. अर्ज केला, आम्टने खळखळ केली, मी फोन केले, आणि पैसे आले. डबा घेऊन धावत आले त्या संध्याकाळी बर्फीसाठी त्यांनी मला हे की ते विचारलं नाही, सगळा डबाच हातात दिला.

आणि माणूसही मिळाला. पलीकडच्या गल्लीतली बालवाडीतून निवृत्त झालेली एक बाई. उंच, खांद्यात किंचित वाकलेली, आवाज खालचा. ती पहिल्या दिवशी आली आणि पिल्लूशेजारी जमिनीवर बसून राहिली. काही बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. तासाभराने पिल्लूने तिच्या गुडघ्यावर आपली गाडी ठेवली. भाऊ स्वयंपाकघरातून बघत होते. "हिला थांबता येतं," ते हळूच वहिनींना म्हणाले.

सगळे तिला ओमा म्हणू लागले, जर्मनमध्ये आजीला म्हणतात तसं. पिल्लू आता शाळा सुटेपर्यंत शाळेत राहू लागला. त्या हिवाळ्यातली एक दुपार मी स्वतः पाहिली. ओमा घरी जायला निघाली होती, दारात बसून बूट घालत होती. पिल्लू आतून आपले बूट घेऊन आला, तिच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "इश आउख."

मी पण.

भाऊ जिन्यात पिशव्या घेऊन उभे होते. ते पायरीवरच बसले. पोराने आजवर वस्तू मागितल्या होत्या, पाणी मागितलं होतं. कोणाबरोबर यायचंय असं त्याने कधीही, कुठल्याही भाषेत म्हटलं नव्हतं. ओमाने त्याचे बूट बांधले. भाऊंसकट तिघं खालच्या रस्त्याने कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. वहिनी खिडकीत उभ्या राहून पदराने नाक पुसत होत्या.

वसंत यायच्या आधी ओमाला झटका आला. डावी बाजू गेली. तिची मुलगी येऊन तिला बॉनला आपल्याजवळ घेऊन गेली. सगळं एका आठवड्यात.

पिल्लू सकाळी बूट घालून दारात उभा राहायचा. ओमा येणार नाही हे त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. वहिनी सांगत. तो ऐकून घ्यायचा आणि उभाच राहायचा. मग स्वतःचं मनगट चावायचा.

भाऊंनी जाहिराती दिल्या. दुकानांच्या फळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, कॉलेजात जाऊन विचारलं. एक मुलगी आली, आठवडाभर टिकली. एक बाई पिल्लूच्या किंचाळण्याने घाबरली आणि दुसऱ्या दिवशी फोनच उचलेना. एका माणसाला दुसरीकडे पूर्ण वेळ काम मिळालं. त्याचं काय चुकलं? नंतर कोणी आलंच नाही.

"खात्यात पैसे आहेत, ताई," एकदा ते मला जिन्यात म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "शाळा मी निवडली. माणूस मी निवडायचा. पण निवडायला आधी कोणीतरी असावं लागतं ना?"

मी "मिळेल कोणीतरी" असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मान हलवली, माझ्या समाधानासाठी.

शाळेने सुचवलं, काही दिवस मुलाला घरीच ठेवा. या देशात आईबापांनी मूल घरी ठेवलं तर दंड होतो. शाळेने ठेवायला सांगितलं तर कोणालाच काही होत नाही. शेवटी त्यांनी विशेष शाळेसाठी होकार दिला. जागा मिळाली ती दूरच्या गावात. सकाळी व्हॅन यायची, अनोळखी ड्रायव्हर, लांबचा रस्ता. तिथले शिक्षक वाईट नव्हते. पण पिल्लू तिथे पोहोचायचा तोच रडून रडून निपचित झालेला. एके दिवशी व्हॅनच्या काचेवर डोकं आपटून घेतलं. कपाळाला टाके पडले.

त्या संध्याकाळी मी खाली गेले होते. पिल्लू पट्टी बांधून झोपला होता. भाऊ पुन्हा अमेरिकेतल्या नोकऱ्यांबद्दल बोलू लागले. तिकडे परत जाता आलं तर, खातं परत मिळालं तर.

वहिनींनी त्यांना मध्येच थांबवलं. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "अहो, तुमची निवड खूप झाली. आता मी निवडते. मी याला घेऊन आईकडे चालले."

भाऊ थोड्या वेळाने उठले आणि माळ्यावरची बॅग काढून दिली.

नागपुरात दोन शाळांनी पिल्लूला नाही म्हटलं. तिसरीने घेतलं आणि दिवसभर कोपऱ्यात बसवून ठेवलं. वहिनींनी त्याला काढून आणलं. त्यानंतर तो घरातच. भाऊ रोज दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करत. पिल्लूचं आधी जर्मन गेलं, मग इंग्रजी. "पाणी" राहिलं होतं, उन्हाळ्यात तेही गेलं. पुढे पुढे तो फोन पालथा करून ठेवायचा, आणि भाऊ काळ्या पडद्याशी बोलत बसायचे. पलीकडे पंख्याचा आवाज यायचा, म्हणजे पोरगं खोलीतच आहे, असं ते म्हणत.

न वापरलेले पैसे आम्टने परत मागितले. त्यांनी ते लगेच भरून टाकले. मी विचारलं, काही दिवस थांबून बघायचं का? "कशासाठी?" ते म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीतली माणसं कमी झाली, त्यात त्यांचीही नोकरी गेली. दुसरीकडे त्यांनी प्रयत्नच केला नाही. सामान लोकांना देऊन टाकलं, भिंतींना स्वतः पांढरा रंग दिला. घर परत करायच्या दिवशी मला म्हणाले, "ताई, शेवटचं एकदा या भाषांतराला."

घरमालकाचा माणूस खोल्याखोल्यांतून हिंडला. खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडले, भिंतींवरून हात फिरवला. पिल्लूच्या खोलीत जास्त वेळ थांबला. मग फळीवर कागद ठेवून लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं : "काइने मेंगल."

"काय म्हणतो?" भाऊंनी विचारलं.

"उणीव काही नाही, म्हणतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुन्हा एकदा सांगा ना, ताई."

"काहीच उणीव नाही, भाऊ. कुठेच."

तो माणूस किल्ल्यांसाठी हात पुढे करून उभा होता. भाऊंनी त्या त्याच्या हातात दिल्या, सही केली आणि मला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, आलोच." मी दाराबाहेर येऊन थांबले. तो माणूसही आला. रिकाम्या घरातून काही आवाज येत नव्हता. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग तोही जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला.