तोफेचं तोंड कुणीकडे

"तोंड समुद्राकडे ठेवा आणि वेल्ड करून टाका," मिस लिम त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. "सगळ्यांना तीच स्टोरी माहीत आहे, लाह!"

मिस लिम एका लहानशा खासगी संग्रहालयाच्या मॅनेजर. मी प्रदर्शनांची मॉडेल्स बनवणारी इंजिनिअर. २००५च्या आसपासची गोष्ट. सिंगापूरच्या ईस्ट कोस्टजवळच्या त्यांच्या हॉलमध्ये जुन्या किनारी तोफेचं मॉडेल बसवायचं होतं.

स्टोरी अशी, की दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे रोखल्या आणि जपानी मागून जमिनीवरून आले. लोक हसतात. मला या अर्धवट गोष्टीची चीडच येते.

शेजारी सरदार बलवंतसिंग उभे होते. त्यांचे वडील किनारी तोफखान्यात गोळे चढवायचे. वडिलांचा एकुलता एक फोटो त्यांनी प्रदर्शनाला दिला होता. ते शांतपणे मला म्हणाले, "बेटी, फोटो वापस दे दो. पिताजी यही मज़ाक सुनते-सुनते चले गए." फोटो पिशवीत घालून ते निघून गेले.

मी मिस लिमना सगळं पहिल्यापासून सांगितलं. पहिल्या महायुद्धानंतर बड्या आरमारी देशांनी करार केला. कुणी किती युद्धनौका ठेवायच्या, त्यांच्यावर केवढ्या तोफा लावायच्या, सगळं बांधून घेतलं. जहाजं मोजकीच उरली. म्हणून इंग्रजांनी सिंगापूरला मोठा तळ बांधला, आणि त्याच्या राखणीला युद्धनौकांवरच्या मापाच्या तोफा आणल्या. शत्रू येणार तो जहाजातून, हे धरूनच. त्यातल्या काही तोफा जमिनीकडे वळल्या, डागल्याही. पण गोळे बहुतेक जहाजाचं पोलाद फोडणारे, ते चिखलात खोल रुतून बसत.

"मग चूक कुणाची?"

"ज्यांनी गोळे मागवले त्यांची. चढवणाऱ्यांची नाही. आपण तोफ फिरती ठेवू या."

मिस लिम मॉडेलच्या बैठकीपाशी वाकल्या. "फिरती ठेवली आणि मुलांची बोटं अडकली तर?"

"फटीवर गार्ड लावते. फिरेल अगदी हळू. जबाबदारी माझी."

वेल्डिंग रद्द झालं. खाली बेअरिंग बसवलं, म्हणजे जड वस्तू हाताने फिरावी म्हणून लहान पोलादी छर्र्यांचं कडं. बलवंतसिंगांना मी फोन करून उद्घाटनाला बोलावलं. ते आले, पण पिशवी काखेतच होती.

गाइडने सवयीने तीच स्टोरी सुरू केली. लोक हसले.

म्हातारे बलवंतसिंग पुढे झाले. दोन्ही हात नळीला लावून त्यांनी रेटा दिला. आवाज न करता तोफ वळत गेली आणि समुद्राकडची भिंत सोडून सरळ जमिनीकडच्या दाराशी येऊन थांबली. दारात उभे असलेले लोक नकळत मागे सरले. हसू थांबलं. गाइडही थांबला.

बलवंतसिंगांनी पिशवीतून फोटो काढून माझ्या हातात दिला. "अब टाँग दो," म्हणाले.

तेव्हापासून वेल्डिंगचं काम मी सगळ्यात शेवटी करते.