मगनभाऊंची खुर्ची, माझी रुई

मगनभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नंदुरबारच्या कापूस बाजारात एका गाडीवर उभा राहून भावावरून भांडत होतो. निरोप आणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की शेवटी त्यांना कुणी उचललं का? तो म्हणाला, नाही, सकाळचा चहा घेऊन ओट्यावर आपल्या खुर्चीत बसले होते, बसल्याजागीच मान कलली. हे ऐकून मला बरं वाटलं. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. पण ज्यांना मगनभाऊ ठाऊक होते त्यांना कळेल...

मगनभाऊ तापीकाठचे गुजर, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग प्रेसचे मालक. मी त्यांच्याच प्रेसमध्ये हमाल म्हणून लागलो आणि पुढे स्वतःचा रुईचा धंदा उभा केला. वयाने ते मोठे, मला ‘आप्पा’ म्हणत. आमची मैत्री जुनी, आणि माझा राग त्याहून थोडाच नवा. एका हंगामात भर लिलावात त्यांनी माझ्या ढिगात हात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “माल वला शे. परत लई जा.” माल ओला नव्हता. वर रात्रीचं दव पडलं होतं, एवढंच. पण बाजारात एकदा ‘ओला’ म्हटलं की दोन हंगाम तो डाग निघत नाही. मी तिथेच आरडाओरडा केला. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. पुढे आम्ही एका ताटात जेवलो, एकमेकांच्या घरची लग्नं उरकली, पण तो शब्द तसाच राहिला.

त्यानंतर प्रेसच्या आवारात त्यांच्या कमरेवर रुईची गाठ पडली आणि पाय गेले. त्यांची मुलगी नैरोबीला दिली होती. जावयाने तिकडून बोटीने एक खुर्ची पाठवली, बॅटरीवर चालणारी. नंदुरबारात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. प्रेसच्या डायनामोवर बॅटरी भारायची आणि मगनभाऊ कळ दाबून रुईच्या ढिगांमधून फिरायचे. त्याआधी दोन गडी त्यांना बगलेत धरून नेत, तेव्हा ते डोळे मिटून घेत. खुर्ची आल्यावर डोळे उघडे राहू लागले.

मग मुलीने हट्ट धरला, विमानाने या. मगनभाऊंची एकच अट होती. “मी जासू ते मन्ही खुर्ची लईसन जासू. पोतासारखं माले कोनी उचलाले नको.”

विमान कंपनीने कळवलं, बॅटरीतलं अ‍ॅसिड काढून टाकावं लागेल. ते मोटार गॅरेजात काढलं, बॅटरी सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. कुठली तार कुठे लागते ते कळावं म्हणून त्यांच्या बायकोने, काशीवहिनींनी, प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण मगनभाऊ पडले प्रेसवाले. वाटेत खुर्चीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी तिची गाठ बांधायला काढली. खुर्ची मिटायची, बॅटरी तिच्या पोटात, चहूबाजूंनी रुई, हलका दाब, वर गोणपाट आणि लोखंडी पट्ट्या.

“आप्पा, तुन्ही रुई आन. हलकी चाली जाई.”

हलकी! मी चांगल्यातली चांगली आणली, मुद्दाम. आणि विचारलं, “खुर्ची गाठमा बांधी, मंग तुम्ही कसावर बसशात?”

“इमानमा बसासू,” ते म्हणाले. सगळे हसले. मी एकटाच हसलो नाही.

मुंबईपर्यंत पोचवायला मी सोबत निघालो आणि व्हायचं तेच झालं. नंदुरबारला हमालाने पाठीवर घेऊन डब्यात चढवलं. सुरतेला गाडी बदलताना दोघांनी उचललं. मुंबईला उतरवताना त्यांचं धोतर सुटलं... तेव्हा त्यांनी पुन्हा डोळे मिटले, ते विमानतळावर पोचल्यावरही उघडले नाहीत.

तिथल्या साहेबाने गाठ पाहिली आणि कपाळाला हात लावला. खुर्ची उघडी आणली असती तर ती विमानाच्या दारापर्यंत वापरता आली असती, म्हणाला. आता अ‍ॅसिडची बॅटरी कापसात गुंडाळलेली, आत ओलावा असला तर आग लागेल, हे सामान जाणार नाही. पाहिजे तर माणूस एकटा जाऊ दे, आमची माणसं उचलून नेतील.

मी टेबलावर हात आपटला. जे तोंडाला येईल ते बोललो.

“आप्पा, गप ऱ्हाय. हाई नंदुरबारना बजार नही शे,” मगनभाऊ मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले आणि साहेबाशी शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत बोलले, “साहेब, गाठ फोडा. आत ओलावा सापडला तर मी इथूनच परत जाईन. जन्मभर कापूस हाताळला आहे मी. हा या माणसाचा माल आहे. ह्याचा माल ओला नसतो.”

पट्ट्या तोडल्या. विमानतळाच्या फरशीवर रुई पसरली, पंख्याच्या वाऱ्याने उडू लागली. साहेबाने कोपरापर्यंत हात घातला, बॅटरी चाचपली, हात बाहेर काढून बोटं चोळून पाहिली. कोरडी ठक्क. बॅटरी लाकडी पेटीत बंद झाली, खुर्ची उघडली, मगनभाऊ तिच्यात बसले आणि मी ढकलत निघालो. शिडीवरून चौघांनी त्यांना खुर्चीसकट वर चढवलं. ते वरून सगळीकडे बघत होते. मला इतकं हलकं वाटलं, की परतीच्या गाडीत सुरतेपर्यंत झोपलो.

पण सुरतेनंतर जाग आली आणि राग परत आला. जे बोलायचं ते बोलले, तेही मुंबईत, जिथे मला कुत्रंही ओळखत नाही! नैरोबीहून आल्यावर मी वाट पाहिली. बाजारात ते एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आता मगनभाऊंना जाऊन महिना होत आला. परवा मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओट्यावर बाजारातली मंडळी बसली होती. खुर्ची रनाळ्याच्या, पाय गेलेल्या एका बाईला द्यायची ठरली आहे. मोठा मुलगा रमण ती पुसत होता. चाकाच्या दांड्याभोवती रुईचा एक घट्ट बोळा अडकलेला दिसला, मुंबईला फोडलेल्या त्या गाठीतला. तो काढायला गेला तशा आतून काशीवहिनी म्हणाल्या, “त्यास्नी काढू दिधीच नही कधी. आप्पानी रुई शे, कोरडी शे, गंज धराव नही, अशे सांगेत.”

ओली रुई लोखंडाला एवढी वर्षं चिकटून राहिली असती तर दांडा खाऊन टाकला असता. मी खाली बसलो, बोळा बोटांनी सोडवला. दांडा नव्यासारखा चकचकीत होता. त्या लिलावात हजर असलेले दोघे-तिघे मान पुढे काढून बघत होते. मी खुर्ची जरा त्यांच्या बाजूला वळवून ठेवली.