डाव्या हाताची बाही

८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेतीन. राहू गावी, धाकट्या बहिणीच्या घरी. हजर: मी, बहीण, तिची सासू, तिची थोरली जाऊ. गैरहजर: बहिणीचा नवरा. त्याची ऊसतोड चालू होती, आणि बायकांच्या कपड्यांत आपलं काय काम, असं म्हणून तो सकाळीच रानात गेला होता. मी बरोबर नेलेलं: टाचण्या, टेप, कात्री, खडू, सुईदोरा आणि एक बाराबंदी.

बाराबंदी का, ते आधी सांगते. राहूच्या बायकांचं लेझीम पथक आहे. पथकाची सगळी व्यवस्था बहिणीची जाऊ बघते. यंदा शिवजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्याजणींनी नऊवारीवर भगवी बाराबंदी घालायची असं ठरलं. सोळा बायका, सोळा बाराबंद्या. मी वडगाव रासाईत शिवणकाम करते, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

बाराबंदीचं कटिंग माझ्याकडे नव्हतं. भाड्याने मिळतात त्या एकाच मापाच्या असतात आणि बगलेत अशा काचतात की हात वर जात नाही. त्या घालून फोटो काढता येतो, लेझीम खेळता येत नाही. म्हणून मी दोन कटिंगं जोडली. छातीपासून कंबरेपर्यंत प्रत्येकीचं ब्लाउज आणि कंबरेखाली नेहरू शर्टाचा घेर. पुढचे दोन्ही भाग एकावर एक येतील इतके रुंद धरले आणि बाजूला बंद लावले. आधी जुन्या चादरीची एक शिवून स्वतः घातली, दोन्ही हात वर करून अंगणात दहा उठाबशा काढल्या, तेव्हा कुठे खरं कापड घेतलं.

पंधरा बाराबंद्या अशा झाल्या. सोळावी बहिणीची.

आमच्याकडे सहसा बाई मापाला येत नाही, मापाचं ब्लाउज पाठवते. नीट बसणारं एखादं जुनं ब्लाउज पिशवीत घालायचं आणि निरोप द्यायचा, असंच शिवा. बहिणीनेही तेच केलं. पिशवी उघडली तर आत तिचं जांभळं कटोरी ब्लाउज, तीन वर्षांपूर्वी मीच शिवलेलं. मी लगेच फोन लावला.

"अगं, हे आपरेशनच्या आदीचं हाय."

"म्हाईत हाय मला."

"मग मी येती. अंगावर माप घेती. पाच मिन्टाचं काम."

"नगं आक्का. गावभर करतीस न्हवं अंदाजानं? माझंबी कर."

गेल्या जून महिन्यात पुण्याला तिचं ऑपरेशन झालं. छातीची डावी बाजू काढली. घरात त्याला सगळे 'गाठीचं ऑपरेशन' म्हणतात आणि विषय बदलतात. तेव्हापासून ती लग्नाला गेली नाही, हळदीकुंकवाला गेली नाही, बाजारालाही नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन घरातच असायची. आणि आता तीच म्हणत होती, मी लेझीम घेणार. जावेने सुचवलं होतं की यंदा नुसता झेंडा धरून पुढे चाल. त्यावर ती म्हणाली, "झेंड्याला पोरं हाईत. मी माझ्या जाग्यावर हुबी ऱ्हाणार." पहिल्या रांगेत उजवीकडून दुसरी, ही तिची लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासूनची जागा. इतक्या महिन्यांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. त्यामुळे मी जास्त ताणलं नाही.

तिच्यासाठी तीन कटिंगं जोडावी लागली. उजवा पुढा, म्हणजे पुढचा भाग, तिच्या कटोरी ब्लाउजवरून. डावा पुढा बारा वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकवरून, सपाट, टक्सच्या चुण्या नसलेला. खाली तोच घेर. दोन्ही भाग एकमेकांशेजारी ठेवले तर कंबरेशी डावा पाऊण इंच लांब निघाला. उजवीकडे उंचवट्यात जाणारं कापड डावीकडे कुठे खपतच नव्हतं. तो पाऊण इंच कापताना मी कात्री दोनदा खाली ठेवली. आतून मऊ सुती कप्पा लावला, घडी घालता येईल असा. भरायचा तर भर, नको तर रिकामा ठेव. डावा पुढा खालच्या बाजूला घेतला, म्हणजे उजवा त्याच्यावर झाकण होईल. बंद सगळे समोर, म्हणजे डोक्यातून घालायला नको. गळ्याला अस्तर, शिवण टोचू नये म्हणून. एकेक मुद्दा वहीत लिहून त्यापुढे टिक केली. अकरा मुद्दे, अकरा टिका.

ती बाराबंदी घेऊन मी त्या रविवारी राहूला गेले.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. बंद पाहून म्हणाल्या, "ह्ये बारा बंद बांधून हुईस्तवर मिरवणूक माळाला लागंल की!"

"मावशी, खरे सहाच बांधायचे. बाकीचे नुस्ते लोंबायला."

"लोंबायला आमी हाव की घरात," त्या म्हणाल्या, आणि बहीण हसली. खूप दिवसांनी हसली.

मी जावेला दाराला कडी घालायला सांगितली. बहिणीने पदर उतरवला. उजवा हात बाहीत सहज गेला. मग मी डावी बाही धरली आणि तिने हात घातला. कोपराच्या अलीकडेच तो थांबला. मला वाटलं शिवण अडकली. मी बाही जरा ओढली. तिने ओठ दाताखाली धरला.

मग मी हाताकडे पाहिलं. सुजला होता. मनगटाजवळची घडी बुजलेली, बांगड्या नव्हत्या, कोपर गोल झालेलं. उजव्या हाताशेजारी तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"थंडीनं हुतं," बहीण म्हणाली.

"कशाची थंडी?" सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीपास्नं हाय. बांगड्या कापून काढल्या म्या. ह्यास्नी सांगू नका म्हणली, म्हून गप बसले."

बाही कापताना आम्ही कापड दुहेरी घालतो. वर एक, खाली एक, एकाच कात्रीत दोन्ही. दोन हात सारखेच, हे धरूनच चालतो. पुढचे दोन भाग वेगवेगळे कापले, त्यासाठी पानभर विचार केला, आणि बाह्या मात्र हात सवयीने घडी घालून कापून मोकळा झाला. जांभळ्या ब्लाउजवरून. अकरा मुद्द्यांत हाताचा मुद्दा नव्हता.

जाऊ भिंतीकडे बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. खुर्ची टाकू दारात. आमी तुझ्या म्होरनंच जाऊ, पाच मिन्टं थांबू."

"देव हाय का मी, म्होरं थांबायला?" बहीण म्हणाली.

मी बाही हळूच काढून घेतली. म्हणाले, हे काही अवघड नाही, उसवून मोठी बाही लावते, बगलेत जादा कापडाची कळी घालते, दोन तासांचं काम. टेप काढला. तिने पदर ओढून हात झाकून घेतला.

"आज नगं आक्का. आज लई भरलाय. उगं जास्तीचं माप येईल. उतरला की घे."

मी तिचं ऐकायला नको होतं. मापाला आलेल्या बाईला मी सरळ सांगते, पोट आत घेऊ नका, आहे तसं उभं राहा. बहिणीला तेवढं सांगता आलं नाही. मी टेप गुंडाळला. निघताना तिच्या नवऱ्याला फोन करून हाताचं सांगितलं, आणि पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला हवं असंही. तो म्हणाला, तोड संपू द्या.

शिवजयंतीला मी गेले होते. पंधरा बाराबंद्या छान दिसत होत्या, एकही बगलेत काचली नाही. पथकाने उजवीकडून दुसरी जागा मोकळी ठेवली नव्हती, सरकून घेतलं होतं. ते बरोबरच, मोकळी जागा वाईट दिसते. मिरवणूक बहिणीच्या घराजवळ आली तेव्हा दार लोटलेलं होतं. सासूबाई एकट्याच बाहेर उभ्या होत्या.

"डोस्कं दुखतंय म्हणली," त्यांनी सांगितलं.

ऊसतोड मार्चमध्ये संपली. नंतर कांदा निघाला. डॉक्टरांकडे अजून जाणं झालेलं नाही. मी दर रविवारी फोन करते. हात उतरला का विचारते, ती म्हणते थोडा उतरलाय. मी येते म्हणते, ती म्हणते पुढच्या आठवड्यात ये.

जुनी बाही मी उसवून ठेवली आहे. नवीसाठी कापड पुरेसं आहे. दंड, कोपर आणि मनगट, ही तीन मापं घ्यायची राहिली आहेत.