असं कधीही उचलायचं नाही

मर्ना स्वेनसन रोज सकाळी ट्रेलरच्या पायरीवर बसून बूट एकमेकांवर आपटायची आणि आत डोकावून विचारायची, "कोण आहे का घरात?" विंचू कधी निघाला नाही. एकदा बेदाणा निघाला, तेव्हा तिने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या ट्रेलरमधला हॉलिस गालाला साबणाचा फेस तसाच ठेवून धावत आला. तेव्हापासून सकाळच्या लापशीत बेदाणे दिसले की तो म्हणायचा, "जपून गं मर्ना, नांगी असते त्यांना." सगळ्यात मोठ्याने हसायची ती मर्नाच.

आयुष्यभर तिने मिनेसोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुटले होते. नवरा गेल्यावर बर्फाला कंटाळून ती दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात येऊ लागली आणि वसंत सरेपर्यंत उद्यानात स्वयंसेविका म्हणून राहू लागली. ट्रेलरला जागा, नळ आणि वीज फुकट. बदल्यात शौचालयं धुवायची, चुलींतली राख काढायची आणि शनिवारी पाहुण्यांना फुलं दाखवत हिंडवायचं. या हिंडण्यासाठी तिला एक खाकी जाकीट मिळालं होतं. ते अंगावर चढलं की मर्नाच्या अंगात विद्वत्ता संचारायची. पहिल्या वसंतात तिने एका गिधाडाची गरुड म्हणून ओळख करून दिली आणि लोकांना टोप्या काढायला लावल्या.

त्या वर्षी हिवाळी पाऊस दगा देऊन गेला होता. तरी एप्रिल सरता सरता पालोवेर्देची झाडं पिवळीजर्द झाली, इतकी, की त्यांच्याखालची वाळूही फुलल्यासारखी दिसे. ओकोटियोच्या काटेरी झुडपांत काटक्यांच्या टोकांना लाल तुरे आले. फड्या निवडुंगाची फुलं उन्हात उघडत आणि त्यांच्या तळाशी मधमाश्या लोळत असत. खांबांसारख्या उंच सग्वारो निवडुंगांच्या माथ्यावर पांढऱ्या फुलांचे मुकुट आले होते आणि त्यांत पारव्यांनी तोंडं खुपसली होती. तुरेवाले लावे पिल्लांची रांग घेऊन वाट ओलांडत. मर्ना या सगळ्याकडे रोज पाही आणि गप्प होई. अशी गप्प ती फार थोड्या वेळा व्हायची.

शनिवारी मात्र गप्प राहणं परवडणारं नव्हतं. पाचपंचवीस पाहुणे मागे होते आणि वाटेच्या कडेला एक कासव पालोवेर्देची गळलेली फुलं खात बसलं होतं. पाठीवरही दोनचार पिवळ्या पाकळ्या. कवचाच्या मागच्या कडेला जुना टवका उडालेला.

"लक्षात ठेवा," मर्ना म्हणाली, "हे कासव पावसातलं पाणी पोटात साठवून ठेवतं. पुढच्या पावसापर्यंतची शिदोरीच ती. घाबरलं की सगळं सोडून देतं, आणि मग उन्हाळ्यात तहानेनं मरू शकतं. म्हणून त्याला असं कधीही उचलायचं नाही."

आणि असं म्हणजे कसं, हे नीट कळावं म्हणून तिने ते उचललं.

उचललं तेही छातीपर्यंत, भट्टीतून ताट काढावं तसं. कासवाने तिच्याकडे पाहिलं. मग जाकिटापासून बुटांपर्यंत एक कोमट धार आली. थांबता थांबेना.

"आता कळलं," मागून एक बाई म्हणाली.

मर्नाने कासव जिथल्या तिथे हलकेच ठेवलं. तिला हसू आलं नाही. स्वतःवर हसायची एवढी सवय असलेल्या बाईला पहिल्यांदाच हसता येईना. पाऊस यायला अजून अख्खा उन्हाळा होता.

उद्यानाची रेंजर देल्फिना ओचोआ गाडी घेऊन आली तेव्हा पाहुणे पांगले होते. मर्ना वाटेवरच बसली होती, कासवावर आपली सावली धरून.

"दोन्या मर्ना, कुणी केलं हे?" देल्फिना तिला स्पॅनिशमध्ये मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची.

"एका गाढवानं. खाकी जाकीट घातलं होतं बघ त्यानं."

देल्फिना तिच्या भिजलेल्या पँटकडे पाहून काय ते समजली. "उथळ पाण्यात बसवून बघू या. प्यालं तर प्यालं. पसरट भांडं आहे का काही?"

भांडं होतं. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जेवायचं होतं, त्यासाठी मर्ना पीचचा केक करणार होती, त्याचाच ट्रे. हॉलिस तो घेऊन आला. "म्हणजे आज केक नाही तर," तो म्हणाला, "कासवाचं सूप."

"गप रे मेल्या!" मर्ना ओरडली आणि तिचा आवाज फाटला. हॉलिसने टोपी काढली आणि निमूट खाली बसला.

देल्फिनाने हातमोजे घालून कासव अलगद ट्रेमध्ये सरकवलं. हनुवटीपर्यंत पाणी. तिघं लांब जाऊन बसली. कासव हलेना. ऊन चढलं, सुतार पक्षी सग्वारोच्या भोकातून डोकावून गेला, मर्नाची पँट वाळून कडक झाली.

"पी ना रे बाबा," ती पुटपुटली. "जाकीट हवं तर जाकीट देते."

"तुमचं जाकीट? त्या वासाचं?" देल्फिना म्हणाली.

तेवढ्यात कासवाची मान खाली गेली. नाक पाण्यात, घसा हलतोय, पुन्हा पुन्हा. ते प्यायलं, थांबलं, परत प्यायलं. मग देल्फिनाने त्याला त्याच्या झाडाखाली सोडलं.

"झालं ना मग बरं?" मर्नाने विचारलं.

"ते पाऊस सांगेल."

मर्ना मेमध्ये उत्तरेला परतली. पण दर रविवारी देल्फिनाला तिचा फोन यायचा. "पाऊस?" एवढंच विचारायची. नाही म्हटलं की पोरीला जेवलीस का विचारून ठेवून द्यायची. जुलै निम्मा गेला, मग गडगडाट झाला, आणि दुसऱ्या दिवशी देल्फिनानेच फोन लावला. ओढ्याकाठच्या डबक्यात एक कासव पाणी पीत होतं, मागच्या कडेला टवका उडालेलं.

मग मर्ना म्हणाली, "ओळख दिली का त्यानं? माझी विचारपूस?"

"मी तुमचं नाव काढलं असतं तर मलाही भिजवलं असतं त्यानं, दोन्या मर्ना."

मर्ना हसली, खोकला येईपर्यंत. पाऊस आल्यावर रविवारचे फोन थांबले आणि त्या शरदात ती गेली, त्यामुळे देल्फिनाशी तिचं ते शेवटचंच बोलणं. पण तेव्हा दोघींना काय ठाऊक.

"चल, ठेवते," ती म्हणाली. "बटाटे लागले वाटतं खाली."