पाठमोरा सामुराई

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. आधीच सांगून ठेवतो, कारण उद्या तो मोठा झाला की दहा जण उठतील आणि म्हणतील, याला आम्हीच वर आणला. कुणी आणला नाही. मी आणला.

घरात त्याला रेडिओ म्हणतात. जन्मला तेव्हापासून चालू आहे. जेवताना बोलतो, दाढी करताना बोलतो, झोपेतही बोलतो. त्याची बायको म्हणते, झोपेत निदान मुद्द्याचं बोलतात. शिक्षण आमचं दोघांचंही सारखंच, म्हणजे शाळेला आम्ही फार त्रास दिला नाही. मी टू-व्हीलरचं गॅरेज टाकलं आणि त्याला म्हटलं, तुझं तोंड हेच तुझं भांडवल, जा. गेला डबिंगला. परदेशी सिनेमातली माणसं टीव्हीवर आपल्या भाषेत बोलतात ना, ती कुठली बोलायला? माझा भाऊ बोलतो.

पण बोलायचा ते गर्दीत. डबिंगवाले त्याला गलका म्हणतात. एका माइकभोवती सगळे खेटून उभे राहतात आणि एकदम ओरडतात. बाजारातली माणसं, पळणारी माणसं, बुडणारी माणसं. त्यात आमचा कुठला ते मला बरोबर कळतं. टीव्हीवर इमारत पडली की मी गिऱ्हाइकाला सांगतो, तो "पळा" म्हणाला ना, तो आमचा. गिऱ्हाईक म्हणतं, सगळेच म्हणाले की. अशा गिऱ्हाइकाच्या गाडीला मी सगळ्यात शेवटी हात लावतो.

त्याला दुसरं काही नको होतं. पैसे वाढवून नको, फोटो नको. "दादा, एकदा माइकसमोर एकट्यानं उभं राहायचंय," एवढंच म्हणायचा. शेजारच्याचं कोपर बरगडीत नको, शेजारच्याचा कांद्याचा वास नको.

मग एक दिवस स्टुडिओच्या मालकांचा फोन आला. सामुराईचा सिनेमा आलाय, हिरो तू. सामुराई म्हणजे जुन्या काळचा जपानी तलवारबाज, गवताची भली मोठी टोपी घालून गावोगाव हिंडणारा. हे मला भावानंच सांगितलं, आणि जेवण गार होईपर्यंत सांगितलं. बाकी गल्लीला मी सांगितलं. गॅरेजवर पाटी रंगवून घेतली, 'सामुराईचा आवाज इथला'. त्याचे सासरे आहेत, जावई काय करतो विचारलं की विषय बदलणारे. त्यांना मी मुद्दाम फोन केला. म्हटलं, आता विषय बदलून दाखवा.

रेकॉर्डिंगला गॅरेज बंद ठेवून मीही गेलो. स्पंज लावलेल्या भिंती, मध्ये काच, काचेपलीकडे मशीनवाला. आमच्या पठ्ठ्यानं घड्याळ काढून ठेवलं, सळसळणार नाही असा जुना सुती शर्ट घातला होता, आणि पोट वाजलं तर माइकमध्ये येतं म्हणून दोन बिस्किटं खाल्ली. आत एकटा उभा राहिला. काचेतून माझ्याकडे बघून हसला. मी छाती पुढे काढून मशीनवाल्याकडे बघितलं. तो चहा पीत होता, त्याला काय कळणार.

मग त्याच्या हातात कागद आले. त्यानं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, परत पहिल्यावर आला. सिनेमात सगळे बोलत होते. गावचा म्होरक्या बोलतो, विधवा बोलते, दरोडेखोर तर पानं भरून बोलतात. हिरोच्या पुढे कंसात लिहिलेलं: श्वास. पुढच्या पानावर: हुंकार. त्याच्या पुढे: दीर्घ श्वास.

त्यानं मालकांना आत बोलावलं आणि विचारलं, हा बोलत का नाही?

"तीच तर मजा आहे," मालक म्हणाले. "याचं मौनच बोलतं."

"मौन बोलत असेल तर त्यालाच बोलवायचं की. मला कशाला बोलावलंत?"

मालक त्याच्या खांद्यावर थोपटून बाहेर गेले. मी काचेवर टकटक केली, हातानं खूण केली, घे, श्वास घे, आपल्या घराण्याचा श्वास काय कमी आहे? घेतला बिचाऱ्यानं. सामुराई डोंगर चढला, हा श्वास. सामुराईनं तलवार पुसली, हा हुंकार. हुंकारही मशीनवाल्याला पसंत पडेनात. म्हणे, जरा दुःखी हुंकार द्या. आता जास्त दुःखी झाला. आता बद्धकोष्ठ झाल्यासारखा वाटतोय. रेडिओचा चेहरा लाल होत चाललेला मी काचेतून बघत होतो. ज्या माणसानं लग्नात भटजीला मध्ये बोलू दिलं नाही, त्याला नुसतं हं करायला लावत होते.

आता यात एक मेख आहे. डबिंगमध्ये पडद्यावरच्या माणसाचे ओठ दिसले तर ओठांप्रमाणे बोलावं लागतं. पण माणूस पाठमोरा असला की कुणाला दिसतंय? तिथे हवं ते घालता येतं. आणि हा सामुराई सारखा पाठमोरा. टोपी घालून लांब कुठेतरी चाललेला.

मालक कुणाला तरी भेटायला खाली गेले. पडद्यावर सामुराई आमच्याकडे पाठ करून माळावरून चालायला लागला. कागदावर दीर्घ श्वास. आणि माइकमधून शांतपणे आवाज आला, "ही चप्पल कुणी घेतली रे मला? एक नंबर लहान आहे."

मशीनवाल्याच्या नाकातून चहा आला.

मग रेडिओ कुठला थांबतोय. दरोडेखोरांनी सामुराईला गोल घेरलं, याची पाठ आमच्याकडे. "एकेकानं या, बाबांनो. सकाळपासून मान धरलीये." सपासप तलवार चालली, चौघे आडवे. "सॉरी हं. लागलं का?" शेवटी ती विधवा दारात उभी राहून म्हणते, इथेच थांबा. जपान्यांच्या हिशोबानं फार मोठा प्रसंग. सामुराई काही न बोलता वळतो आणि निघतो. आमचा म्हणाला, "थांबलो असतो हो. पण दोन दिवस झाले की तुम्ही म्हणणार, बसलाच आहात तर तेवढी भांडी घासा." मशीनवाला टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मीही हसलो. उगीच नाही म्हणत, असलं सुचायला डोकं लागतं, आणि ते आमच्याकडे आहे.

काढून टाकू काढून टाकू म्हणत मशीनवाल्यानं ते काढलं नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी चॅनेलच्या बाई ऐकायला आल्या. मी होतोच. पहिली चप्पल आली तसे मालक खुर्चीत सरळ झाले. बाई हसल्या नाहीत. भांड्यांपर्यंत ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, सिनेमा गंभीर आहे. ही बडबड काढा. इथपर्यंत ठीक होतं, परत श्वास घेतला असता आम्ही. पण बाई पुढे म्हणाल्या, श्वास मूळ सिनेमातले आहेत तेच चांगले आहेत, तेच राहू द्या.

म्हणजे हिरोला आवाजच नको. सगळ्या सिनेमाला आवाज पाहिजे, दरोडेखोराच्या घोड्याला पाहिजे, फक्त हिरोला नको. बाई सिनेमाचा पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून गेल्या आणि मालक म्हणाले, उद्यापासून गलक्यात ये, गावकरी करायचे राहिलेत.

रेडिओ जिन्यातच ओरडायला लागला. मीही ओरडलो, असला माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही वगैरे, जे खरं होतं तेच. तिथून आम्ही गॅरेजवर आलो तर पाटी बघून तो माझ्यावरच घसरला. म्हणाला, उतरव. मी म्हटलं, पाटी उतरणार नाही, एकदा लागली ती लागली. इतक्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी हवेचा कॉम्प्रेसर लावला. कॉम्प्रेसरची घरघर आणि त्यावर हा. सासऱ्यांना फोन कुणी करायला सांगितला होता? मी विचारलं, काय? तो आणखी जोरात. मी परत, काय? खरंच ऐकू येत नव्हतं. पुढच्या-मागच्या दोन्ही टायरांत हवा भरून होईपर्यंत त्यानं मला, मालकांना, बाईंना आणि त्या मुक्या सामुराईला जे काय ऐकवायचं ते ऐकवलं, आणि शेवटी खोकत खाली बसला. गलक्यात जाणार नाही म्हणाला. हे मला त्याच्या ओठांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो तर हा स्वयंपाकघराबाहेर मोरीपाशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होता. आवाज पार गेलेला. तोंड उघडलं की नुसती हवा. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मालक. यानं कानाला लावला, तोंड उघडलं, काही येईना. मी हातातून घेतला आणि म्हटलं, बोला, मी मोठा भाऊ.

मालकांचा सूर एकदम लोण्यासारखा. म्हणाले, बाईंनी रात्री घरी पेनड्राइव्ह लावला तर बडबडीसकटचाच होता. घरातली सगळी हसून लोळली, बाईंच्या सासूबाईंनी तर भांड्यांचा प्रसंग परत लावायला लावला. आता चॅनेलला तेच पाहिजे. सगळा सिनेमा, जिथे जिथे पाठ दिसेल तिथे तिथे. आणि लिहिलेलं तर काहीच नाही, त्यामुळे तोच माणूस पाहिजे, एकटा. आज पाठवता का?

मी भावाकडे बघितलं. तो माझ्या कानाला कान लावून ऐकत होता, डोळे एवढे मोठे.

"आज कसं जमेल?" मी म्हटलं. "मोठ्या कलाकाराच्या तारखा असतात. चार दिवसांनी बघू."

मालक म्हणाले, चालेल. माझा भाऊ आहे, चालेल नाही तर काय.

फोन ठेवतोय तोच आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "कोण हो, दादा?" मी सांगायला तोंड उघडलं तर यानं ओला हात माझ्या तोंडावर दाबला. त्याला स्वतःला सांगायचं होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी, ती दुसऱ्यानं सांगायची नाही. आत धावला. तिच्याकडे पाठ केली. पातेल्यावरचं झाकण उचलून डोक्यावर धरलं आणि गॅसपासून दारापर्यंत चालून दाखवलं. वळून छातीवर हात ठेवला, मी, मी.

ती म्हणाली, "डोकं दुखतंय का?"

त्यानं लाटणं उपसलं, चौघांना आडवं केलं, एका बोटानं दाखवलं, एकटा. ती म्हणाली, एकच पोळी? तो हवेत ओरडला, हवाच आली. मग माझ्याकडे वळून माझा शर्ट धरला, सांगायचं नाही म्हणून, आणि परत झाकण डोक्यावर घेऊन दारापर्यंत चालायला लागला. मला सगळं माहीत होतं, बोलता येत होतं, चांगलं बोलता येतं मला, आणि मी भिंतीला टेकून दातांवर दात दाबून उभा होतो.