जळलेल्या साडीचा फोटो

समजा, तुमच्यापुढच्या टेबलावर साडेपाच मीटरची जॉर्जेटची साडी पसरलेली आहे आणि हातात आहे जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यात कुठे दोरा तुटलाय का, प्रिंट सरकलंय का, काठाची लेस सुटलीय का, तेलाचा डाग आहे का, हे सगळं बघायचं. साडी चांगली असेल तर घडी घालून पिशवीत सरकवायची आणि वर आपल्या नंबरची चिठ्ठी ठेवायची. लगेच पुढची. संध्याकाळपर्यंत अशा साडेतीनशे. डोळ्यांवर भरवसा ठेवलात, तर तुम्ही दुपारीच हात टेकाल.

सरलाबाई डोळ्यांवर फारसा भरवसा ठेवत नसत. त्या बोटांची मागची बाजू कापडावरून फिरवत. टोकं पुढे केली तर खरखरीत कातडीला जॉर्जेट अडकतं आणि तपासणारीच दोरा ओढून बसते, हे त्या पहिल्याच महिन्यात शिकल्या होत्या. सुरतेत पर्वत पाटियाच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हेमराजभाईंचं साड्यांचं गोदाम होतं. दुकान नाही, गादी नाही, गिऱ्हाईक कधी दिसायचं नाही. सगळी विक्री मोबाईलवरून. तिथे चार नंबरच्या टेबलावर सरलाबाई अकरा वर्षं उभ्या होत्या. शिरपूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन इकडे भेस्तानला आल्या तेव्हा त्यांना कापडाचं काही कळत नव्हतं. आता डोळे मिटून हात फिरवला तरी त्या आपल्या अहिराणीत सांगत, "हाई साडी परत पाठव, पदराजवळ गाठ शे."

तर अशा बाईंच्या नावावर पंधरा दिवसांत तीन तक्रारी आल्या.

पहिली तक्रार आली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. साडीला भोक होतं म्हणे. 'नजर चुकली असेल,' असं म्हणून त्या रविवारी जाऊन चष्म्याचा नंबर तपासून आल्या. दुसरी आली तेव्हा शेजारच्या टेबलावरची वर्षा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मावशी, तुमच्या साड्यांना आता खिडक्या यायला लागल्या! हवेशीर माल!" सगळ्या हसल्या. सरलाबाईही हसल्या, पण त्या दिवशी डब्यातली भाकरी तशीच परत गेली.

तिसरी सोमवारी आली. गोदामाचा नियम साधा होता. महिन्यात तीन तक्रारी आल्या की तपासणीच्या टेबलावरून उठायचं आणि खाली पिशव्यांना चिकटपट्टी लावायला बसायचं. पगार तोच. पण ज्या हातानं अकरा वर्षं माल पास केला, त्या हातानं चिकटपट्टी फाडायची. हेमराजभाई गावाला गेले होते, बुधवारी येणार होते. तोवर दोन दिवस होते.

घरी त्यांचे यजमान शालिग्राम जेवायला बसले होते. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ते घरातही मोठ्यानं बोलत.

"काय व्हयनं? तोंड का उतरेल शे?"

"काई नही."

"मंग जेव ना."

"मना हातखालतून अशी साडी जाऊच शकत नही," सरलाबाई एकदम म्हणाल्या. "एक गई आसी. तीन कशा जातीन?"

शालिग्रामांनी घास खाली ठेवला. "साडी दखी का तू?"

साडी? साडी तर परत आलीच नव्हती. स्वस्त मालाला परत आणायचा खर्च परवडत नाही, म्हणून ॲपवाली कंपनी नुसता फोटो बघून गिऱ्हाइकाचे पैसे परत करत असे. साडी गिऱ्हाइकाकडेच राहायची. सरलाबाईंनी तक्रार ऐकली होती, भोक पाहिलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्या थेट हर्षदाच्या संगणकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हर्षदा तेवीस वर्षांची, जळगावकडच्या घरातली, पण जन्म सुरतेतला. परतीच्या तक्रारी तीच हाताळायची. फोनवर गुजराती, मैत्रिणींशी हिंदी आणि सरलाबाईंशी मराठी.

"मासी, कशाला बघताय? उगाच जीव जळेल."

"मोठा कर तो फोटो."

फोटो मोठा झाला. मोरपिशी जॉर्जेट, सोनेरी बुट्ट्या. माल यांचाच. पदराच्या मध्यभागी रुपयाएवढं जळकं भोक होतं. कडा तपकिरी, मऊ राखेसारख्या, आणि त्यातून बारीक बारीक दोरे बाहेर लोंबत होते.

सरलाबाई पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "हे धोतर आहे."

"काय?"

"अगं, असं भोक सुती धोतराला पडतं. उदबत्तीचा निखारा पडला की. आपली जॉर्जेट आहे, पॉलिस्टर. ती जळत नाही, वितळते. तिच्या भोकाला दोरे कुठून लोंबणार?"

हर्षदाला काही उमगलं नाही. सरलाबाईंनी बाद मालाच्या ढिगातून तसलीच साडी ओढून काढली, देव्हाऱ्यापाशी ठेवलेली काडेपेटी आणली आणि पदराला काडी लावली. कापड आक्रसलं, काळा धूर आला, उग्र वास सुटला. त्यांनी लगेच फुंकर मारली. भोकाच्या कडेला काळी, टणक, चकचकीत किनार तयार झाली होती. "बोट फिरव." हर्षदानं फिरवलं. खड्याला हात लागावा तसं लागलं. एकही दोरा सुटला नव्हता.

हर्षदा पुन्हा फोटोकडे बघू लागली. मग तिनं बाकीच्या दोन तक्रारी उघडल्या. पहिलीतलं भोकही तसंच, दोरे लोंबणारं. दुसरीत कात्री लागल्यासारखी फाट होती, तिच्याबद्दल काही सांगता येईना.

"मासी," ती हळू आवाजात म्हणाली, "एक गोष्ट दाखवू? घाबरू नका हं."

तिनं चार नंबरच्या टेबलावरची, नुकतीच पास झालेली गुलाबी साडी उचलून सरलाबाईंच्या हातात दिली, पदर पसरायला लावला आणि मोबाईलवर फोटो काढला. मग तो फोटो दुसऱ्याच एका ॲपमध्ये टाकून खाली एक ओळ टाईप केली: या साडीला जळाल्याचं भोक पाड.

दहा सेकंदही लागले नसतील.

पडद्यावर सरलाबाईंचेच हात होते. त्यांच्याच हिरव्या बांगड्या होत्या, मागे त्यांचंच टेबल होतं. आणि हातातल्या गुलाबी पदराला भलंमोठं जळकं भोक पडलेलं होतं.

सरलाबाईंनी झटकन हातातली साडी उलटी केली. सुलटी केली. जिथे भोक दिसत होतं तिथे बोटांची मागची बाजू फिरवली, मग तळहात फिरवला, मग उजेडात धरून आरपार पाहिलं. साडी अखंड होती. त्यांनी परत मोबाईलकडे पाहिलं. भोक होतंच. भोकाच्या आत त्यांच्या करंगळीचं टोकसुद्धा दिसत होतं.

"काढ ते," त्या म्हणाल्या. "पुसून टाक. माझे हात आहेत त्यात."

हर्षदानं पुसलं. सरलाबाई स्टुलावर बसल्या. वर्षा पाणी घेऊन आली. तिनंही सगळं पाहिलं होतं.

"हे कोणालाही करता येतं?" सरलाबाईंनी विचारलं.

"मोबाईल असला की झालं. आपणही करतोच की, मासी. ॲपवर आपल्या साड्या नेसलेल्या बायका आहेत ना, त्या कोणी नाहीतच. दिवाळीपासून फोटोवाला बोलावलाच नाही आपण. साडी जमिनीवर पसरून फोटो काढतो, बाई मशीन काढून देतं."

"ती गालावर तीळ असलेली?"

"तीपण नाही."

त्या तीळवालीचा फोटो सरलाबाईंनी कौतुकानं घरी नेऊन दाखवला होता. निऱ्या किती सुरेख बसल्यात बघा, म्हणून. त्या निऱ्या कोणी घातल्याच नव्हत्या.

बुधवारी हेमराजभाई आले. माणूस कापडातला, तीन पिढ्यांचा. त्यांनी फोटो पाहिला, मग जळलेला पदर हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "आ कोणे पकड्युं?"

"सरलामासींनी," हर्षदा म्हणाली.

"सरलाबेन, टेबल तुमचंच," ते म्हणाले. "पण कंपनीला कळायला पाहिजे. हर्षदा, लिही. खऱ्या भोकाचा फोटो जोड."

हर्षदानं नीट समजावून लिहिलं. पॉलिस्टर कसं वितळतं, तक्रारीतलं भोक सुती कापडासारखं का दिसतं, सगळं. सोबत काळ्या टणक कडेचा फोटो जोडला. तिघंही पडद्यासमोर उभी राहिली. वर्षा टेबल सोडून मागे येऊन उभी राहिली. हेमराजभाईंनी चहा मागवला.

चहा यायच्या आत उत्तर आलं. भाषा फार गोड होती. आपल्या सहकार्याबद्दल आभार, आपली अडचण आम्ही समजू शकतो वगैरे. मग मुद्दा: ग्राहकाचा फोटो तपासला असता योग्य आढळला आहे. विक्रेत्यानं पाठवलेल्या फोटोतली भोकाची कड मात्र नैसर्गिक वाटत नाही. त्यात फेरफार झाल्याची शक्यता आहे. तक्रार कायम ठेवण्यात येत आहे.

हर्षदानं ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. हेमराजभाईंनी तिच्या खांद्यावरून वाकून स्वतः वाचलं आणि गुजरातीत एक शिवी हासडली.

"म्हणजे माझं खोटं?" सरलाबाईंनी विचारलं. "मी काडी लावली ते खोटं?"

"मासी, माणसानं नाही बघितलेलं ते. एवढ्या लवकर माणूस कुठे उत्तर देतो? तिकडेही मशीनच बघतं."

"तू काल दाखवलंस तसलं?"

"तसलंच. फोटो बनवणारंही तसलं, तपासणारंही तसलं."

हेमराजभाईंनी त्याच दुपारी निर्णय घेतला. चारही टेबलांच्या वर कॅमेरे लागतील, प्रत्येक साडी तपासतानाचं चित्रण ठेवलं जाईल. पुढच्या वेळी तेच पाठवू. वर्षा पुटपुटली, "आणि ते म्हणाले चित्रणही बनवलेलं आहे, तर?" हेमराजभाईंनी ऐकलं, पण ते कॅमेरेवाल्याचा नंबर शोधत राहिले.

सरलाबाई टेबलावर गेल्या नाहीत. जळका पदर घेऊन हर्षदाजवळच उभ्या राहिल्या. ती कडक कड त्या अंगठ्यानं दाबत होत्या. काही केल्या ती मोडत नव्हती.

"हर्षदा, तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. मला हे हात लावून लावून कळलं. पहिल्या वर्षी मी दोन साड्या जाळल्या होत्या, तेव्हा कुठे समजलं. त्या मशीनला कोणी सांगितलं?"

"त्याला फोटो दाखवतात, मासी. लाखो फोटो."

"कशाचे?"

"सगळ्याचे. नेटवर असतील ते."

"त्यात आपल्या जॉर्जेटचं भोक होतं का एक तरी? आणि हे खरं, ते खोटं, असं त्याला दाखवायला बसलं होतं कोण?"